बायोफीडबॅक आणि न्यूरोफीडबॅकची प्रमाणपत्र परीक्षा: गोव्यातून तयारी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मानसशास्त्र, फिजिओथेरपी, नर्सिंग आणि योग या क्षेत्रांतली मंडळी आमच्या अभ्यासगटाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. तास आणि अटी यांचे आकडे प्रमाणपत्र देणारं मंडळ (बीसीआयए) अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज भरण्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावरची ताजी पुस्तिका उघडून बघाच.

१. बायोफीडबॅक आणि न्यूरोफीडबॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

स्नायूंचा ताण, बोटांचं तापमान, तळहाताचा घाम, श्वास, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर या गोष्टी शरीरात सतत बदलत असतात, पण आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. सेन्सर लावून त्या मोजायच्या, त्याच क्षणी पडद्यावर किंवा आवाजातून त्या माणसाला दाखवायच्या आणि त्या कशा बदलतात हे त्याला शिकू द्यायचं, याला बायोफीडबॅक म्हणतात. गायक तंबोऱ्याशी आपला सूर ताडतो आणि ऐकता ऐकताच तो सावरतो, त्यातलाच हा प्रकार. मोजायची गोष्ट मेंदूची विद्युत लहर असेल तर त्याला न्यूरोफीडबॅक म्हणायचं. म्हणजे ती बायोफीडबॅकचीच एक शाखा.

यंत्र फक्त मोजतं, शरीरात काही सोडत नाही. फिजिओथेरपीतलं टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज) किंवा मानसोपचारातलं टीएमएस (डोक्याजवळून चुंबकीय स्पंद) शरीराला बाहेरून ऊर्जा देतात, म्हणून ती बायोफीडबॅकमध्ये धरत नाहीत.

२. परीक्षा कोण घेतं? भारत सरकारची आहे का?

नाही. जगभर सर्वाधिक मान असलेलं प्रमाणपत्र बीसीआयए (बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्स) या अमेरिकेतल्या ना-नफा मंडळाचं आहे. हे मंडळ १९८१ साली स्थापन झालं. नावात आधी ‘अमेरिका’ होतं, २०१० मध्ये ते जाऊन ‘इंटरनॅशनल’ आलं. सर्वसाधारण बायोफीडबॅकचं बीसीबी, न्यूरोफीडबॅकचं बीसीएन आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या तक्रारींवर काम करणाऱ्यांसाठी बीसीबी-पीएमडी अशी मुख्य प्रमाणपत्रं आहेत. शेवटचं प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट, नर्स आणि डॉक्टरांच्या कामाचं.

‘सात दिवसांत सर्टिफाइड न्यूरोफीडबॅक थेरपिस्ट’ अशा जाहिराती फोनवर येत असतील. तो कोर्स संपल्याचा दाखला असतो. कोर्स चांगला असेलही, पण तो दाखला म्हणजे मंडळाचं प्रमाणपत्र नव्हे.

३. मी योगशिक्षक आहे आणि बी.कॉम. झालोय. मला बसता येईल का?

बीसीबी आणि बीसीएनसाठी आरोग्याशी संबंधित मान्य विषयात किमान पदवी लागते: मानसशास्त्र, वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, समाजकार्य, समुपदेशन वगैरे. वाणिज्य पदवी त्यात बसत नाही. अशांसाठी तंत्रज्ञ पातळीचं प्रमाणपत्र आहे. ते घेतलेल्याने पात्र व्यावसायिकाच्या देखरेखीखाली काम करायचं असतं.

पदवी सीमारेषेवरची असेल (उदाहरणार्थ गृहविज्ञानातला मानवी विकास) तर आधी गुणपत्रिका आणि विषयांची यादी मंडळाला ईमेलने पाठवून लेखी उत्तर घ्या. कोर्सची फी भरल्यावर हा प्रश्न विचारणारे फार भेटतात.

४. परीक्षा पास झालो की प्रमाणपत्र मिळालं, असंच ना?

परीक्षा ही अनेक पायऱ्यांपैकी एक आहे. बीसीबीसाठी ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाचं ४२ तासांचं शिक्षण, तर बीसीएनसाठी ३६ तासांचं. त्याशिवाय शरीररचना व शरीरक्रिया (न्यूरोफीडबॅकसाठी चेताशरीररचना) या विषयाचा स्वतंत्र अभ्यास केल्याचा पुरावा लागतो. मग मेंटॉरिंग, म्हणजे अनुभवी व्यावसायिकाच्या मार्गदर्शनाखाली सराव. बीसीबीला मेंटॉरबरोबर २० तास, त्यात स्वतःवर केलेली १० सत्रं, पेशंटबरोबरची ५० सत्रं आणि १० केसेसची चर्चा येते. बीसीएनला मेंटॉरबरोबर २५ तास आणि पेशंटबरोबर १०० सत्रं, बाकी साधारण तसंच.

स्वतःवरची सत्रं कंटाळवाणी म्हणून लोक ती उरकून टाकतात. माझ्या मते सगळ्या तयारीत तीच सर्वांत मोलाची. जबडा सैल सोडल्यावर कपाळावरचा आलेख खाली सरकतो हे स्वतः पाहिलेल्याला ईएमजीचं (स्नायूंच्या विद्युत हालचालीच्या मापनाचं) प्रकरण पाठ करावं लागत नाही.

५. गोव्यात मेंटॉर कुठे शोधू?

मेंटॉर गोव्यातच असायला हवा असं नाही. मेंटॉरिंग व्हिडिओ कॉलवर चालतं. मेंटॉर मात्र मंडळाने मान्य केलेला हवा आणि त्यांची यादी मंडळच देतं. पेशंटबरोबरची सत्रं तुम्ही जिथे काम करता तिथेच होतील, म्हणून यंत्र हाताशी लागतं.

क्रम उलटा करू नका. आधी मेंटॉर ठरवा आणि तो कोणतं सॉफ्टवेअर वापरतो ते विचारून मगच यंत्र घ्या. परदेशातून यंत्र मागवताना सीमाशुल्क आणि दुरुस्तीला परत पाठवायचा खर्च दोन्ही धरा. दोघाचौघांनी मिळून एक यंत्र घेतलं तरी प्रत्येकाच्या पेशंटचा डेटा वेगळा आणि पासवर्डखाली राहील एवढं बघा. का, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. नोकरी सांभाळून अभ्यास करायचाय. सुरुवात कुठून करू?

स्वायत्त चेतासंस्थेपासून, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय अवयव चालवणाऱ्या मज्जासंस्थेपासून. पुस्तकाचं पहिलं प्रकरण इतिहासाचं असतं, म्हणून सगळे तिथून सुरू करतात आणि महिनाभर तिथेच रेंगाळतात. तिच्या सिम्पथेटिक (ताणाच्या वेळची) आणि पॅरासिम्पथेटिक (विश्रांतीच्या वेळची) शाखा कोणत्या अवयवाला काय करायला लावतात हे आधी पक्कं करा, म्हणजे पुढची सगळी यंत्रं सोपी होतात. त्यानंतर विजेचं प्रकरण: व्होल्टेज, रोध, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातला अडथळा), डिफरेन्शियल अॅम्प्लिफायर, फिल्टर, सॅम्पलिंग. मग एकेक मापन, शेवटी शिकण्याची तत्त्वं आणि पुरावे. नीतिमत्तेचा एखादा प्रसंग दर आठवड्याला चर्चेला घ्या.

नोकरी करणाऱ्याला साधारण सहा महिने धरावे. वेळापत्रकात चवथीचे (गणेश चतुर्थीचे) दिवस रिकामेच ठेवा, त्या आठवड्यात अभ्यास होईल असं मानणं हा स्वतःशी केलेला खोटेपणा आहे. घरात जागा नसेल तर पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे.

प्रत्येक मापनाचं एक पान काढा. त्यावर चार गोष्टी हव्यात: यंत्र नेमकं काय पकडतं, कोणत्या एककात, शरीरातली कोणती यंत्रणा ते हलवते आणि कोणत्या चुकीमुळे आकडा फसवतो. हे पान न बघता सांगता आलं की तो धडा झाला.

७. शाळा मराठी माध्यमातून झाली. इंग्रजी परीक्षा झेपेल का?

परीक्षा बहुपर्यायी आहे, निबंध लिहायचा नाही. शब्दसंग्रह ठरावीक आहे. अवघड जातात ती प्रश्नांमधली वळणं: ‘यांपैकी कोणतं नाही’, ‘सर्वांत योग्य पहिलं पाऊल कोणतं’, ‘बहुधा’, ‘नेहमी’. वाचताना अशा शब्दांखाली बोट ठेवायची सवय लावा. विषय एकमेकांना मराठीत किंवा कोकणीत समजावा, संज्ञा इंग्रजीच राहू द्या. ‘त्वचा विद्युतवाहकता’ असं घोकून परीक्षेच्या पडद्यावर ‘स्किन कंडक्टन्स’ ओळखायला वेळ गेला तर तोटा तुमचाच.

८. इतिहासातली नावं, सनावळ्या पाठ कराव्या लागतात का?

थोड्या. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. जो कामिया यांनी माणसाला आपली अल्फा लहर ओळखता येते हे दाखवलं. नील मिलर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून अवयवांच्या क्रियाही शिकवता येतात असं मांडलं. क्युरारे (स्नायू लुळे करणारं औषध) दिलेल्या उंदरांचे ते निकाल पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत पुन्हा मिळाले नाहीत, आणि माझ्या मते हा भाग निकालाइतकाच महत्त्वाचा आहे. बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झच्या आसपासची एसएमआर (सेन्सरीमोटर रिदम) लहर वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाच्या चाचणीत त्याच मांजरांना झटके उशिरा आले, आणि तिथून अपस्मारावरचं काम सुरू झालं. या क्षेत्रातली पहिली संघटना १९६९ ची.

आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट सांगायला आवडते. १९७० मध्ये स्वामी राम यांनी अमेरिकेत टोपीका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये, एल्मर ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत, एकाच तळहातावरच्या दोन जागांच्या तापमानात फरक पाडून दाखवला. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांच्या ईईजीवरचं काम दिल्लीहून प्रसिद्ध केलं होतं, आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम तर १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजत आलं आहे. वाचायला छान आहे, पण यावर आठवडा घालवू नका.

९. घाम आणि बोटांचं तापमान दोन्ही सिम्पथेटिक, मग दोन्हींचा रासायनिक निरोप्या एकच लिहिला तर माझं उत्तर चुकलं कसं?

या सापळ्यात बहुतेक सगळे एकदा तरी अडकतात. दोन्हींवर सिम्पथेटिक शाखेचा ताबा आहे हे खरं, पण रासायनिक निरोप्या वेगळा. हाताच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात त्या नॉरएपिनेफ्रिनमुळे. तळहाताच्या एक्राइन घामग्रंथींना मिळणारा निरोप मात्र अॅसिटिलकोलिनचा असतो. सिम्पथेटिक शाखेच्या शेवटच्या टोकाला अॅसिटिलकोलिन सापडण्याचा हा मोठा अपवाद आहे.

दुसरा सापळा असा. हात गरम झाले म्हणजे पॅरासिम्पथेटिक शाखा चालू झाली, असं लिहिण्याचा मोह होतो. हाताच्या रक्तवाहिन्यांना पॅरासिम्पथेटिक तंतू जातच नाहीत. सिम्पथेटिक आवळ सैल झाली की वाहिन्या रुंदावतात, रक्त वाढतं आणि त्वचा तापते.

१०. पुस्तकात ६० हर्ट्झ लिहिलंय, आपल्याकडे ५०. परीक्षेत काय लिहायचं?

प्रश्न कोणत्या देशाबद्दल आहे ते वाचा. अमेरिकेत घरगुती विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. प्रश्नात काहीच म्हटलं नसेल आणि पर्यायांत ६० असेल तर पुस्तक अमेरिकी आहे हे लक्षात घ्या. प्रत्यक्ष कामात मात्र सॉफ्टवेअरचा नॉच फिल्टर (विजेच्या वारंवारतेचा गोंगाट गाळणारा) ५० वर आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. तो ६० वर राहिला तर ईईजीत ५० हर्ट्झचा जाड पट्टा दिसतो आणि नवखा माणूस त्याला गॅमा (मेंदूची जलद लहर) समजतो.

तापमानाचंही तसंच. पुस्तकं फॅरनहाइट वापरतात. ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, आणि ९० म्हणजे सुमारे ३२.२. एवढे दोन टप्पे डोक्यात असले की बाकी अंदाज बांधता येतो.

११. आमच्याकडे सगळ्यांचेच हात आधीपासून गरम असतात. रीडिंग चुकतंय का?

चुकत नाही, हवा गोव्याची आहे. शिथिलीकरणात हात ३५ अंशांच्या आसपास आणणं हे नेहमीचं उद्दिष्ट आहे. मे महिन्यात म्हापशाहून बसने घामाघूम होऊन आलेल्या माणसाचा हात आधीच त्याच्या जवळपास असतो. वर जायला जागाच नाही, मग शिकणार काय? उलट तोच माणूस एसीच्या थेट झोतात बसला तर बोटं थंड पडतात आणि ‘ताण आहे’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

उपाय साधेच आहेत. खोलीचं तापमान २३-२४ अंशांवर स्थिर ठेवा आणि प्रत्येक सत्राला त्याची नोंद करा. आल्यावर पंधरा मिनिटं बसू द्या, मगच मूळ पातळी घ्या. झोत अंगावर नको. छताचा पंखा तर दुहेरी त्रास देतो: ओल्या बोटावरचा घाम उडवून तापमान उतरवतो आणि वायर हलवून ईईजीत लाटा आणतो.

दमट हवेत त्वचेची विद्युतवाहकता मुळातच वर असते. ती मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. इथे आकडा किती यापेक्षा त्याच माणसात तो कसा बदलतो ते बघायचं असतं. डोक्यावर घाम आला की ईईजीत अर्ध्या हर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहूनही संथ झोका दिसतो. त्याला डेल्टा (मेंदूची संथ लहर) समजू नका. जवळजवळच्या दोन इलेक्ट्रोडची पेस्ट घामाने पसरून एक झाली तर त्यांच्यातला फरकच पुसला जातो आणि आलेख संशय यावा इतका सपाट होतो. पावसाळ्यात हे हटकून होतं. कापसाने डोकं पुसा, पेस्ट कमी घ्या, इम्पिडन्स ५ किलो-ओहमच्या खाली आणा, आणि सत्राच्या मध्यावर तो पुन्हा तपासा.

हे सगळं परीक्षेत ‘गोवा’ या नावाने येणार नाही. ‘कोणती आर्टिफॅक्ट’ (शरीराबाहेरच्या किंवा दुसऱ्या कारणाने आलेला खोटा आलेख) या नावाने येईल.

१२. ईएमजीचे आकडे दोन यंत्रांवर वेगळे का येतात?

फिल्टरमुळे. एक यंत्र १०० ते २०० हर्ट्झ एवढाच पट्टा घेतं, दुसरं २० ते ५००. पृष्ठभागावरच्या ईएमजीची बरीचशी शक्ती १०० हर्ट्झच्या खाली असते, त्यामुळे अरुंद पट्ट्याचा आकडा लहान येतो. म्हणून एका यंत्रावरचे मायक्रोव्होल्ट दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडायचे नाहीत. अरुंद पट्ट्याचा फायदा एवढाच की हृदयाचे ठोके फारसे घुसत नाहीत. स्नायू थकला की शक्ती कमी वारंवारतेकडे सरकते, त्यामुळे अरुंद पट्टा तो थकवा दाखवण्यातही कमी पडतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. ५० हर्ट्झचे गुणित १०० आणि १५० त्या अरुंद पट्ट्यातच येतात. खराब अर्थिंग असलेल्या जुन्या घरात क्लिनिक थाटलेल्यांनी लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर सत्र घेऊन बघावं.

१३. एलएफ म्हणजे सिम्पथेटिक, एचएफ म्हणजे पॅरासिम्पथेटिक. मग संथ श्वासात एलएफ वाढतो तो ताणामुळे का?

हृदयगतीच्या चढउताराची वारंवारतेप्रमाणे विभागणी केली की संथ पट्ट्याला एलएफ आणि जलद पट्ट्याला एचएफ म्हणतात. तुमचं पहिलं वाक्यच अर्धवट आहे. एचएफ पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वासांचा. नेहमीच्या वेगाने श्वास घेताना श्वासाबरोबर होणारा हृदयगतीचा चढउतार तिथे दिसतो आणि तो व्हेगस या पॅरासिम्पथेटिक चेतेचा असतो. एलएफ ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ.

आता माणसाला मिनिटाला सहा श्वास घ्यायला सांगा. सहाला साठने भागलं की ०.१ हर्ट्झ. तोच व्हेगसचा चढउतार उचलून एलएफच्या पट्ट्यात आणून ठेवला. आलेखात एलएफचा डोंगर उभा राहतो आणि तो शिकाऊ माणसाला घाबरवतो, प्रत्यक्षात प्रशिक्षण जमलेलं असतं. रक्तदाब सावरणारी बॅरोरिफ्लेक्स यंत्रणाही याच वारंवारतेला डोलते, म्हणून चढउतार इतका मोठा होतो. प्रौढांत ही जागा बहुधा मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान सापडते. प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून सरसकट सर्वांना ‘सहा’ सांगण्याआधी तपासायची. आराम करताना, नेहमीच्या श्वासात घेतलेल्या आकड्यांशी हे आकडे मिसळू नका.

१४. मी वर्षानुवर्षं प्राणायाम शिकवते. श्वासाचं प्रकरण सोडून दिलं तर चालेल?

उलट तुम्हीच ते दोनदा वाचा. ‘खोल श्वास घ्या’ ही सूचना तुमच्या तोंडात बसलेली असते आणि या परीक्षेत ती बहुधा चुकीचं उत्तर ठरते. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेला त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा. तो खाली गेला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडत नाही. यालाच बोर परिणाम म्हणतात. मग चक्कर, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड. पेशंटला वाटतं प्राणवायू कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो.

संथ, हलका, पोटातून आणि उच्छ्वास थोडा लांब, अशी सूचना द्यायची. भस्त्रिका आणि कपालभाती यांचं स्थान वेगळं आहे, पॅनिकचा त्रास असलेल्या माणसाला बायोफीडबॅकच्या खुर्चीत ते करायला लावू नये.

१५. १०-२० पद्धतीतल्या जागा लक्षात राहत नाहीत. आणि कोणता प्रोटोकॉल कोणत्या आजाराला, हे पाठ करू का?

डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड कुठे लावायचे ते टक्क्यांनी ठरवणारी ही पद्धत आहे. जागा पाठ न करता मोजा. घरातल्या कोणाचं तरी डोकं आणि शिंप्याची टेप घ्या. नाकाच्या मुळाशी नेझियन, डोक्यामागचा उंचवटा इनियन. हे अंतर ३६ सेंटिमीटर भरलं तर पहिला टप्पा १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ वर, एफझेड ३० टक्क्यांवर १०.८ आणि सीझेड निम्म्यावर १८. आता एका कानाच्या पुढच्या खाचेपासून दुसऱ्या कानापर्यंत. ते ३४ भरलं तर डावीकडून टी३ ३.४ वर, सी३ १०.२ वर, सीझेड १७ वर. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, झेड मधोमध. डोक्यावर १९ आणि कानांवर दोन मिळून २१. नव्या नामकरणात टी३, टी४, टी५, टी६ यांना टी७, टी८, पी७, पी८ म्हणतात, जागा त्याच. दोन्ही नावं ओळखता आली पाहिजेत.

प्रोटोकॉलचा (कोणती लहर कुठे वाढवायची किंवा कमी करायची याचा) तक्ता घोकणं मला पटत नाही. एसएमआर मध्यपट्टीवर का, डोळे मिटल्यावर मागच्या भागात अल्फा का वाढते, पापणी लवली की कपाळावरच्या एफपी१ आणि एफपी२ वर डेल्टासारखं का दिसतं, दात आवळले की टी३, टी४ वर बीटा का फुगते, ही ‘का’ची उत्तरं आली की प्रोटोकॉल तर्काने काढता येतो. थ्रेशोल्ड (बक्षीस मिळण्याची पातळी) कधी बदलायचा, बक्षीस किती वेळा मिळावं हे प्रश्न मुळात शिकण्याच्या मानसशास्त्राचे आहेत, तेव्हा ऑपरंट कंडिशनिंगचं (बक्षिसातून शिकण्याचं) प्रकरण काढून वाचा.

पुरावा किती भक्कम आहे यासाठी पाच पातळ्यांची पद्धत आहे. पहिली ‘पुराव्याचा आधार नाही’, पाचवी ‘परिणामकारक आणि विशिष्ट’. कोणता आजार कोणत्या पातळीवर हे अद्ययावत यादीतूनच वाचा. एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) जपून बोला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या दुहेरी-अंध (कोणाला खरा, कोणाला खोटा उपचार मिळतोय हे कोणालाच माहीत नसलेल्या) चाचणीत थीटा-बीटा न्यूरोफीडबॅक आणि खोटा न्यूरोफीडबॅक या दोन्ही गटांतली मुलं सुधारली, पण उपचार संपताना दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. पालकांना ‘औषधाशिवाय हमखास’ असं सांगणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा.

१६. गाव लहान, सगळे ओळखीचे. नीतिमत्तेचे नियम आपल्याकडे कसे लागू होणार?

परीक्षेत उत्तर मंडळाच्या नीतिसंहितेप्रमाणे द्यायचं. दुहेरी नातं टाळता येत असेल तर टाळायचं, म्हणजे मावशीच्या मुलाला स्वतः न घेता दुसऱ्याकडे पाठवायचं. तालुक्यात दुसरं कोणीच नसेल तर मेंटॉरचा सल्ला, लेखी नोंद, स्पष्ट मर्यादा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेशंट समोर आला तर ओळख आपण आधी दाखवायची नाही, त्याने दाखवली तर साधं बोलायचं. बरोबर त्याची वहिनी असेल आणि ‘तुम्ही कुठे भेटलात?’ असं तिने विचारलं, तर उत्तर त्याला देऊ द्या. चवथीला नेवऱ्यांचा डबा आला तर संहितेचा भंग होत नाही. सोन्याची साखळी आली तर ती परत जाते.

इलेक्ट्रोड लावताना अंगाला हात लागतो, त्याची परवानगी दर वेळी घ्यायची, विशेषतः छाती, मान आणि ओटीपोटाच्या कामात. आलेखाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मेंटॉरला पाठवताना वर पेशंटचं नाव दिसत नाही ना ते बघा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे.

१७. पेशंट औषधं घेतोय. शिथिलीकरणाने नुकसान होऊ शकतं का?

होऊ शकतं आणि हे परीक्षेच्या दृष्टीने पक्कं करून ठेवा. नियमित शिथिलीकरणाने शरीराची औषधाची गरज बदलू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर खाली जाऊ शकते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला उठताना भोवळ येऊ शकते, थायरॉइड आणि अपस्मार यांच्या औषधांकडेही लक्ष लागतं. योग्य पाऊल एकच: औषध देणाऱ्या डॉक्टरला आधी कळवणं आणि नोंदी त्याच्याकडे पोहोचवणं. ‘गोळी अर्धी करून बघा’ हे वाक्य डॉक्टर नसलेल्याने उच्चारायचं नाही. बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा आयपीएचबीत (तिथलं मानसोपचार रुग्णालय), उपचार चालू असतील तर पेशंटच्या संमतीने तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी द्या.

१८. आधी बीसीबी की बीसीएन?

फिजिओथेरपी, नर्सिंग, योग या बाजूने येणाऱ्यांनी बीसीबी. मुलांबरोबर किंवा मानसोपचारात काम असेल आणि ईईजी यंत्र जवळ असेल तर बीसीएन. दोन्ही एकदम धरल्या तर सहसा दोन्ही लांबतात.

१९. घरून ऑनलाइन परीक्षा देताना वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न जूनपासून दर आठवड्याला येतो. देखरेखीखालची परीक्षा घरून देणार असाल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली, राउटरला छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन तयार ठेवा. मात्र फोन खोलीत ठेवायला परवानगी आहे का, संपर्क तुटला तर पुन्हा कसं जोडायचं, हे आधीच लेखी विचारा. वेळ कोणत्या टाइमझोनमध्ये दाखवली आहे ते दोनदा तपासा. खोलीत दुसरा माणूस दिसला किंवा बोलला तर अडचण होते, तेव्हा घरच्यांना बजावून ठेवा. पोदेराच्या (पाव विकणाऱ्याच्या) भोंप्याला मात्र इलाज नाही, खिडकी लावून बसा. शक्य असेल तर तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली घ्या.

२०. प्रमाणपत्र मिळाल्यावर क्लिनिकची पाटी लावता येईल का?

प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, मंडळही तसंच सांगतं. आजारावर उपचार करायचे तर त्या क्षेत्रातला परवाना हवा किंवा परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम हवं. भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बीसीएनने ती भरून निघत नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, त्यात आपला व्यवसाय कुठे बसतो ते बघून घ्या. परवाना नसलेल्यांनी खेळाडू, कलाकार, विद्यार्थी यांच्यासाठी एकाग्रतेचं आणि शिथिलीकरणाचं प्रशिक्षण द्यायला हरकत नाही, पण पाटीवर ‘नैराश्य’, ‘मायग्रेन’, ‘अपस्मार’ असे शब्द आले की ते उपचार झाले.

२१. एकदा मिळालं की कायमचं?

चार वर्षांसाठी. नूतनीकरणाला त्या काळात ठरावीक तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं आणि त्यात नीतिमत्तेचे तासही मोजले जातात. वेबिनार, कार्यशाळा यांचे दाखले ज्या दिवशी मिळतात त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. चौथ्या वर्षी जुन्या ईमेलमधून ते शोधत बसणं हा वेगळाच ताण आहे.